हजेरी आणि मंडळी



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन चालक आमच्या घरी आले, तेव्हा आम्ही त्यांना प्रथम असे विचारले की, आपण घर तर चुकला नाहीत ना? या व्यासपीठावरून आजवर प्राध्यापक बोलले, वकील बोलले, डॉक्टर बोलले. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढे जे काही शिकलो ते बोईसरच्या कारखान्यांच्या दरवाजांवर, कामगार न्यायालयाच्या बाकांवर आणि वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून. चालक म्हणाले, "आपण युनियनचे आहात आणि ख्रिस्तीही आहात. यांपैकी कशावरही बोला." आम्ही दोन्हींवर बोलणार आहोत, कारण आमच्या आयुष्यात हे दोन विषय एका रात्रीत असे एकत्र आले की पुढे ते आम्हांस वेगळे करता आले नाहीत.

प्रश्न साधा आहे. चर्चला जाणे आणि चर्चचे असणे, यांत फरक तो कोणता? आपणांपैकी बहुतेक जण ख्रिस्ती नाहीत, हे आम्ही जाणतो. पण हा प्रश्न भजनी मंडळालाही लागू आहे, सहकारी सोसायटीलाही लागू आहे आणि ग्रामसभेलाही. दर्शनाला जाणारा आणि दिंडीत चालणारा यांतला भेद महाराष्ट्राला कुणी नव्याने शिकवायला नको. दर्शनाला गेलेल्याची वाट कुणी पाहत नाही. दिंडीतला माणूस मुक्कामावर दिसला नाही, तर त्याला शोधायला माणसे मागे धाडतात.

प्रथम एका शब्दाकडे आपले लक्ष वेधतो. इंग्रजीत इमारतीला चर्च म्हणतात आणि त्या इमारतीत जमणाऱ्या समाजालाही चर्चच म्हणतात. मराठीने मात्र हा घोटाळा होऊ दिला नाही. वसईकडचे जुने लोक इमारतीला देऊळ म्हणत; आमच्या नगरकडे मंदिर म्हणत. परंतु मराठी बायबलात ज्या ठिकाणी ख्रिस्ती समाजाचा उल्लेख येतो, त्या ठिकाणी शब्द आहे 'मंडळी'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही दगडविटांशी संबंध ठेवीत नाही. अथेन्स शहरातल्या नागरिकांच्या सभेला तो शब्द लावीत. हाक मारून बोलावलेल्या माणसांची ती सभा. आणि मराठीत मंडळी या शब्दाला आणखी एक घरगुती अर्थ आहे. जुन्या पिढीतला गृहस्थ पत्नीचे नाव घेत नसे. "आमच्या मंडळींना विचारून सांगतो" असे म्हणे. ज्यांना विचारल्यावाचून आपले पाऊल पुढे पडत नाही आणि ज्यांना आपण घरी आलो की नाही हे कळते, ती आपली मंडळी. ज्या कुणी बायबलाच्या भाषांतरात हा शब्द योजला, त्याने आमच्या मते निम्मे व्याख्यान तिथेच करून ठेवले आहे.

आता आपल्या भागाविषयी थोडे सांगतो. पालघर जिल्ह्यात ख्रिस्ती माणूस म्हटले की डोळ्यांपुढे वसई येते, आणि ते साहजिक आहे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती घेतली. राज्य गेले, पण सामवेदी, वाडवळ आणि इतर समाजांतले जे लोक ख्रिस्ती झाले होते ते आपापल्या वाडीत, आपल्या बोलीसह राहिले. राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी जे नुसते हजेरी लावीत असतील ते त्या वेळी पांगले असतील. जे मंडळीचे होते ते टिकले. १९१८ साली तिथल्याच पापडी गावी मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी एक पतसंस्था काढली. तिचीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. सावकाराच्या दारी जाणारा शेतकरी आपल्याच शेजाऱ्यांच्या पैशावर उभा राहावा, ही त्यातली कल्पना. युनियनचा माणूस म्हणून आम्ही हे वाचले तेव्हा मनात म्हटले, रविवारी एका बाकावर बसणारे लोक सोमवारी एकमेकांना जामीन राहतात, ही खरी मंडळी. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे धर्मगुरू 'हरित वसई'च्या चळवळीत सर्व धर्मांच्या लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. तेही त्याच परंपरेला धरून होते.

कॅथॉलिकांविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पूर्वी त्यांची मिस्सा लॅटिन भाषेत होई. लोक "मिस्सा ऐकायला" जात आणि वेदीवर कार्य चालले असता बाकावर बसून आपापली जपमाळ ओढीत. १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तिने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली आणि लोकांनी प्रेक्षक म्हणून न बसता उपासनेत स्वतः भाग घ्यावा असे ठरवले. म्हणजे आज आम्ही जो प्रश्न आपल्यापुढे मांडतो आहोत, तो एवढ्या मोठ्या धर्मसंस्थेलाही पडला होता.

पालघर, डहाणू आणि वाडा या बाजूस प्रॉटेस्टंट मंडळीही आहेत. चर्च ऑफ द ब्रदरेनचे अमेरिकन मिशनरी १८९४ साली हिंदुस्थानात आले. वलसाडला त्यांनी कामास आरंभ केला आणि पुढे ते इकडे पसरले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चसंस्था एक होऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. ब्रदरेन मंडळीही त्यांत सामील झाल्या. पुढे त्या एकीकरणावरून गुजरातेत वाद माजला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ साली निकाल लागला की, एकत्र येण्याचा ठराव झाला एवढ्यावरून ट्रस्टची मिळकत दुसऱ्या संस्थेकडे जात नाही. तो निकाल आम्ही आमच्या कामगारी सवयीने वाचून काढला. इमारत कुणाची हे न्यायालय ठरवू शकते आणि त्याने ते ठरवावे. त्या इमारतीत बसणारा माणूस कुणाचा, हे मात्र कोणत्याही न्यायालयाला ठरवता येत नाही.

असो. आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. आणि तीत आम्ही काही फारसे चांगले दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचे आजोबा अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. आम्ही १९८९ साली एकोणिसाव्या वर्षी बोईसरला हेल्पर म्हणून आलो, पुढे युनियनच्या कामात पडलो आणि मासवणला सूर्येच्या अलीकडे दोन खोल्यांचे घर करून राहिलो. रविवारी पाळी नसली की उपासनेला जात असू. शेवटच्या बाकावर बसावे, गीते म्हणावी, पाळकसाहेबांचा उपदेश ऐकावा, थैलीत दहाची नोट टाकावी आणि शेवटचा आशीर्वाद होताच दाराबाहेर पडावे. अशी आमची अकरा वर्षे गेली. नाव नोंदवा असे सेक्रेटरी दोनतीनदा म्हणाले. आम्ही म्हटले, "आमचे नाव गावाकडे आहे." खरी गोष्ट अशी की, नाव दिले म्हणजे काम आले, वर्गणी आली, पंचांच्या निवडणुकीतली भांडणे आली. आठवडाभर युनियनमध्ये तेच करीत होतो. रविवारी तरी त्यातून सुटका असावी, असे वाटे. देव काय रजिस्टर पाहून ऐकतो का, असेही आम्ही म्हणत असू. हे वाक्य आपणही कधी तरी ऐकले असेल.

त्याच शेवटच्या बाकावर सुमारे आठ महिने आमच्या शेजारी एक मुलगा बसे. झारखंडाकडचा, वय वीस-एकवीस. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. मराठी गीते त्याला येत नसत. चाल तेवढी तोंडातल्या तोंडात धरी. रात्रपाळी करून तो थेट येई, त्यामुळे अंगाला केमिकलचा वास असे. आम्ही एकमेकांना मान लवून नमस्कार करीत असू. त्याचे नाव आम्ही कधी विचारले नाही, त्यानेही आमचे विचारले नाही. आम्ही मनात म्हणत असू, बिचारा सभ्य आहे, त्रास देत नाही.

एका रात्री त्या कारखान्यात रिॲक्टर फुटला. तिघे भाजले आणि तो पहाटे इस्पितळात गेला. आम्हांस बातमी लागली ती युनियनचा माणूस म्हणून. आम्ही धावत गेलो आणि चादर बाजूला केल्यावर पाहिले की, हा तर आपल्या बाकावरचा मुलगा.

पुढे जे झाले ते सांगतो. ठेकेदार म्हणाला, "याचे नाव मस्टरवर नाही. हा कालच आला होता." ते खोटे आहे हे आम्हांस ठाऊक होते. मग आम्ही मंडळीच्या सेक्रेटरींकडे गेलो. ते दुष्ट माणूस नव्हेत, हे मुद्दाम सांगतो. ते म्हणाले, "रजिस्टरात नाव नाही. दफनभूमीत जागा थोडी आहे. त्याच्या गावच्या चर्चचे पत्र आल्याशिवाय मी एकटा परवानगी कशी देऊ?" आम्ही रागावलो. रागाने बाहेर आलो तर दाराशी युनियनचे दोघे कार्यकर्ते उभे. त्यांनी विचारले, "आपल्यातर्फे काय करायचे? कमिटी बोलवायची का? खर्च कुणी करायचा?" आणि आम्ही, त्या युनियनचे सरचिटणीस, क्षणाचाही विचार न करता बोलून गेलो, "तो कंत्राटी होता. आपला मेंबर नव्हता."

बंधूंनो, शब्द तोंडातून गेला आणि मग तो कानांवर पडला. ठेकेदाराचा हजेरीपट, मंडळीचे रजिस्टर आणि आमचे पावतीपुस्तक; तीन वह्या, आणि तिन्हींत त्या मुलाचे नाव नाही. ठेकेदाराने नाव लिहिले नव्हते पैशाच्या लोभाने. आम्ही दोघांनी का लिहिले नव्हते? सेक्रेटरींवर रागावण्याचा अधिकार आम्हांस कुणी दिला होता? त्यांच्या वहीत तर आमचेही नाव नव्हते.

त्या दिवशी त्या मुलाला माती मिळाली ती एका वृद्ध बाईंमुळे. त्यांना सारे मावशी म्हणत. पालघरात त्या भाजी विकायला बसत. त्या आल्या आणि सेक्रेटरींना म्हणाल्या, "दादा, माझ्या घरात लिहा त्याला. दर रविवारी उपासना झाली की माझ्याकडे जेवायचा. गेल्या रविवारी आला नाही, म्हणून मी सोमवारी त्याच्या खोलीवर जाऊन आले, तर ताप होता पोराला. माझ्या मालकांच्या शेजारी जागा आहे ना, ती मी माझ्यासाठी ठेवली होती. ती त्याला द्या." त्याचे पूर्ण नाव मावशींना ठाऊक होते. आईचे नाव, धाकट्या बहिणीचे नाव, गावचे नाव, गावातल्या ज्या दुकानात फोन होता त्या दुकानाचा नंबर, सारे त्यांच्या भाजीच्या हिशेबाच्या वहीत लिहिलेले होते. वहीत तर लिहिले होतेच; पण वहीत पाहण्याची त्यांना गरज पडली नाही.

चौथ्या दिवशी त्याचे वडील आले. कबरीवर त्यांनी फूल ठेवले. मग त्यांनी विचारले, "तो कुठे बसायचा?" आम्ही बाक दाखवला. ते तिथे बराच वेळ बसले. उठताना आम्हांस हिंदीत म्हणाले, "म्हणजे तो इथला झाला होता." आम्ही "होय" म्हणालो. ते खरे होते की खोटे, याचा हिशेब आम्ही आजतागायत करीत आहोत.

यानंतर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. त्यातल्या तीनचार गोष्टी आपणांस सांगतो.

पहिली गोष्ट इंग्लंडातली. १७४२ साली ब्रिस्टल शहरात जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर सभागृहाचे कर्ज झाले होते. ते फेडण्यासाठी युक्ती निघाली की, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, बारा-बारा जणांचे गट करावे आणि एका पुढाऱ्याने घरोघर जाऊन ती गोळा करावी. पुढारी पेनी घ्यायला गेले आणि त्यांना दिसले की, कुणी आजारी आहे, कुणी दारू पितो आहे, कुणाच्या घरी चूल पेटलेली नाही. वेस्लींच्या ध्यानात आले की, पैशापेक्षा ही भेटच मोलाची आहे. आणि बारांचा तो वर्ग मेथडिस्ट पंथाचा पाया झाला. पुढे १८३४ साली टॉलपडल गावचे सहा शेतमजूर, युनियनची शपथ घेतली या गुन्ह्यासाठी सात वर्षांच्या काळ्या पाण्यावर ऑस्ट्रेलियास धाडले गेले. त्यांचा म्होरक्या जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट उपदेशक होता. म्हणजे आमच्या युनियनची वर्गणी आणि मंडळीची वर्गणी या जुन्या नात्यातल्या बहिणी आहेत. आम्ही पूर्वी वर्गणी हाताने गोळा करीत असू. पगाराच्या दिवशी गेटवर उभे राहायचे, पावती फाडायची आणि दोन शब्द बोलायचे. पुढे वर्गणी परस्पर पगारातून कापली जाऊ लागली. पैसे पूर्ण येऊ लागले. सभासदाचा चेहरा मात्र दिसेनासा झाला. मंडळीतही कुणी वर्षाची वर्गणी एकरकमी पाठवून मोकळा होतो, तेव्हा तेच घडते.

दुसरी गोष्ट नारायण मेघाजी लोखंडे यांची. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा उभी केली. आपल्याकडच्या कामगार चळवळीचे आद्यपुरुष म्हणून आम्ही त्यांना मानतो. १० जून १८९० पासून गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली ती त्यांच्या खटपटीने. त्यांनी रविवार मागितला तो खंडोबाचा वार म्हणून, असे सांगतात. पण त्यांच्या पुण्याईने ख्रिस्ती कामगारही रविवारी उपासनेला जाऊ लागला, हे आम्ही विसरता कामा नये. आता गंमत अशी की, लोखंड्यांच्या त्या संघटनेविषयी सरकारी अहवालात शेरा पडला की, हिला सभासदांची यादी नाही, फंड नाही आणि नियमही नाहीत. शेरा खरा होता. लोखंडे होते तोवर त्यांच्या शब्दावर हजारो जमत. १८९७ साली प्लेगच्या साथीत ते गेले, आणि यादी नसलेली ती सभा त्यांच्यामागे उभी राहू शकली नाही. तेव्हा वही नको, नियम नको, नुसते प्रेम पुरे, असे म्हणणाऱ्यांनाही आमचे उत्तर आहे की, प्रेमाला वही लागते. मावशींजवळसुद्धा वही होती.

तिसरी गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांची. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाई त्या वेळी त्यांच्यापासून दूर झाल्या आणि काही वर्षांनी परत त्यांच्याजवळ राहायला आल्या, तेव्हाही त्यांनी आपले सोवळे आणि आपले पाणी वेगळे ठेवले. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली असतील त्यांना ठाऊक आहे की, त्यांच्या मनाचे कुलूप वादविवादाने उघडले नाही. जाती माणसांनी केल्या, देवाने नव्हेत, हे एके दिवशी त्यांना आतून उमगले आणि त्यांनी अन्नपाण्याचा विटाळ सोडला. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० साली. क्रम ध्यानात घ्यावा. आधी पाणी एक झाले आणि मग नाव रजिस्टरात गेले. आमच्या मंडळ्यांत मात्र कित्येकांचा क्रम उलटा आहे. नाव लिहिले जाते, पण घरातला तांब्या पुढे होत नाही. जातीची उतरंड देवळाच्या दारात उतरवून ठेवायची ती काही जण बाकापर्यंत घेऊन गेले, हेही आम्ही इथे कबूल करतो. ख्रिस्ती माणसाने ते स्वतः सांगावे. दुसऱ्याने सांगेपर्यंत वाट पाहू नये.

आणि चौथी गोष्ट स्वतः टिळकांची. १९१७ साली ते मिशनच्या चाकरीतून मोकळे झाले आणि साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात बंधुभावाने यावेत, अशी त्यांची योजना होती. १९१९ साली ते वारले आणि ते काम पुरे झाले नाही. कित्येकांना वाटले की, टिळक मंडळी सोडून चालले. आम्हांस तसे वाटत नाही. भजन-कीर्तनाला उपासनेत स्थान देणारा आणि मराठी मंडळीच्या तोंडी आपली गीते ठेवून जाणारा माणूस मंडळी कशी सोडील? त्यांना दार रुंद करायचे होते. मंडळीत असणे म्हणजे कुंपणाच्या आत असणे, असे जे समजतात त्यांना त्यांचा हा प्रयत्न म्हणजे चपराक होती.

या साऱ्यातून आमच्या अल्प बुद्धीला जे समजले ते असे. सभासद होणे म्हणजे आपल्यावर दुसऱ्याचा हक्क मान्य करणे होय. हजेरी लावणारा स्वतःसाठी येतो. त्याला शांती हवी असते, उपदेश हवा असतो. त्यात वाईट काही नाही. परंतु त्याच्याजवळ कुणी काही मागू शकत नाही. मंडळीचा माणूस आपल्याजवळ मागण्याचा अधिकार दुसऱ्याला देऊन बसतो. अमुक दिवशी आला नाहीस, का? भावाशी भांडलास, का? या 'का'ला उत्तर देण्याचे ज्याने पत्करले, तो मंडळीचा झाला. यात कटकट आहे, यात शंका नाही. पंचांची भांडणे आम्ही पुढे स्वतः पंच होऊन पाहिली. कामगार कमिटीच्या भांडणांपेक्षा ती बरी असतात, असे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण ज्या घरात भांडण होऊच शकत नाही, ते घर नसते, धर्मशाळा असते.

दुसरे असे की, हे काम एकट्या येणाऱ्याचे नव्हे. धर्मोपदेशक पुष्कळदा शेवटच्या बाकावरच्या माणसाला बोल लावतात की, तू नुसता येतोस आणि जातोस. आम्ही तसे होतो, म्हणून तो बोल आम्हांस लागू आहे. पण त्या मुलाला तो लागू नव्हता. तो आठ महिने येत होता, रात्रपाळीचे डोळे चोळीत येत होता. त्याला मराठी येत नव्हते. नाव नोंदवायचे असते हे त्याला कुणी सांगितले नव्हते. माणूस मंडळीचा होण्यासाठी दोन हात लागतात. एकाने नाव द्यावे लागते आणि दुसऱ्याने ते विचारावे लागते. आजचा बोईसर-तारापूरचा कामगार बिहारहून येतो, ओडिशातून येतो, आपल्या जव्हार-मोखाड्यातून येतो. खोली भाड्याची, काम ठेकेदाराचे, पाळी बदलती. रविवार त्याच्या वाट्याला येईलच असे नाही. असा माणूस रात्री दोन वाजता इस्पितळात गेला तर कुणाला कळवायचे, हे ज्या कुणाला ठाऊक असेल, ती त्याची मंडळी. मग तिच्यावर क्रूस असो, भगवी पताका असो वा लाल बावटा असो.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. युनियनच्या कमिटीत ठराव आणला की, कंत्राटी कामगारास सभासद करून घ्यावे. कायम कामगारांनी विरोध केला. दोन वर्षे भांडावे लागले. कित्येक जुने मित्र दुरावले. ठराव झाला. त्या मुलाच्या भरपाईचा दावाही चालवला. तो तिथे आठ महिने कामाला होता हे सिद्ध करायला साक्षीदार मिळेना, तेव्हा मावशी न्यायालयात येऊन उभ्या राहिल्या. दुसरी गोष्ट म्हणजे आम्ही मंडळीच्या रजिस्टरात आपले नाव लिहवले, आणि उपासना संपल्यावर दाराशी वही घेऊन उभे राहण्याचे काम मागून घेतले. वहीत तीन रकाने आहेत: नाव, गाव आणि काही झाले तर कुणाला कळवावे. चौथा रकाना मावशींनी सांगून पाडून घेतला: जेवायला कुणाकडे. हा रकाना पुष्कळदा रिकामा राहतो. वही कधी महिनाभर भरली जात नाही, आमचाच आळस. पण रिकामा रकाना दिसतो, हेही काही कमी नव्हे. पूर्वी तो दिसतही नव्हता.

मावशी आता नाहीत. त्यांनी आपली जागा त्या मुलाला दिली होती, म्हणून त्यांच्या वेळी पुन्हा जागेचा प्रश्न आला. त्या वेळी मंडळीतल्या सात कुटुंबांनी आपापली जागा देऊ केली. सेक्रेटरी तेच होते. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "आज नियम पाहायला नको."

आपली सूर्या नदी या मासवणवरून वाहत जाते आणि पुढे वैतरणेला मिळते. आपण मराठीत असे म्हणत नाही की, सूर्या वैतरणेला भेटून येते. भेटायला गेलेला परत फिरतो. मिळालेला परत फिरत नाही. अकरा वर्षे आम्ही दर रविवारी भेटून परत येत होतो. मिळण्याचे शहाणपण आम्हांस आले ते फार उशिरा, आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी दिली.

 भाषणाच्या आरंभी वक्ते 'मंडळी' अशी हाक मारतात. आम्ही ती मुद्दामच मारली नाही. आपण आता उठाल, दिवे मालवले जातील. आपल्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसले होते, कोणत्या गावचे, घरी कोण कोण असते, एवढे विचारून मग आपण घरी गेलात, तर पुढच्या वर्षी येथे उभा राहणारा वक्ता ती हाक मारू शकेल.